‘कळवूं’ या शब्दाचें ऋण

मुलाखतीला बोलाविलेल्या आणि पुढें न निवडलेल्या उमेदवाराचें मालकावर कांहीं ऋण राहतें काय, हा प्रश्न कित्येक वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. जागा एक, उमेदवार शंभर. तेव्हां नव्याण्णवांची निराशा व्हावयाचीच. निराशेबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचा आक्षेप मौनावर आहे.

आमच्या परिचयांतील सोलापूरच्या एका पदवीधर तरुणाची हकीकत सांगतों. पुण्याच्या एका कंपनीनें त्याला तीन वेळां बोलाविलें. तिन्ही खेपांस प्रवासखर्च त्याचा, रजाही त्याचीच. सध्यांचा पगार किती, वडील काय करतात, लग्न कधीं करणार, येथपर्यंत सर्व विचारून घेतलें. आपण काय देणार हें मात्र सांगितलें नाहीं. शेवटीं ‘आठवड्यांत कळवूं’ असें आश्वासन मिळालें. त्या शब्दावर विसंबून त्यानें गांवांतच चालून आलेली दुसरी जागा सोडली. त्याला आज तीन महिने झाले. आरंभीं फोन वाजला कीं घरांतलीं सर्व माणसें बोलणें थांबवीत. आतां त्याच्या मातोश्री तो विषयच काढीत नाहींत.

हजारों अर्जांना उत्तर कोण देणार, असें मालकांच्या बाजूनें म्हणतात. नुसत्या अर्जांपुरतें हें म्हणणें आम्ही एक वेळ मान्य करूं. (पोस्टकार्डाच्या काळीं तें अधिक शोभलें असतें. आज अर्जाची पोंच यंत्र निमिषार्धांत धाडतें. मग नकारच तेवढा त्याला जड कां व्हावा?) परंतु मुलाखतीला बोलाविलेले असतात पांच-दहा, आणि त्यांना शब्द दिलेला असतो. मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवूं नये, असें जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालीं प्रतिपादिलें. ज्याला नोकरींत घेतलें त्याच्याशीं सौजन्यानें वागण्यांत मालकाचा स्वार्थ असतोच. ज्याचा उपयोग संपला त्याच्याशीं वागतांनाच या तत्त्वाची कसोटी लागते.

नकार कठोर खरा, पण तो मनुष्याला मोकळें करतो. मौन त्याला बांधून ठेवतें, आणि वर दोषही त्याच्याच पदरांत टाकतें. आपलें काय चुकलें, इंग्रजी कीं पोशाख, हेंच तो रात्रंदिवस उगाळीत बसतो. जागा आधींच कोणाला देऊन ठेवलेली असून मुलाखत हा निव्वळ उपचार असेल, तर तें मौन आळसाचें नव्हे. तें सोयीचें असत्य होय.

कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतानें १ जानेवारी २०२६ पासून असा कायदा अमलांत आणला आहे, कीं २५ किंवा अधिक नोकर असलेल्या मालकानें जाहिरात देऊन मुलाखत घेतल्यास, शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आंत निर्णय झाला कीं नाहीं हें उमेदवारास कळविलें पाहिजे. सभ्यता कायद्यानें शिकवावी लागावी, हें कांहीं भूषण नव्हे. तरी सोलापूरच्या त्या घरांत ४५व्या दिवशीं आलेलें नकाराचें पत्रही गोड मानून घेतलें असतें.

हें लिहीत असतां एक गोष्ट आठवली, ती लपविणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका शिक्षणसंस्थेच्या निवडसमितीवर होतों. सात जणांना बोलाविलें, एकाला घेतलें. उरलेल्या सहा जणांना कारकून पत्रें लिहील, असें म्हणून आम्ही चहाला उठलों. त्यानें तीं लिहिलीं कीं नाहीं, हें आम्हीं आजतागायत विचारलेलें नाहीं.