परीक्षिताचे हरीण

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या एका विद्वान मित्रांचा लेख आला. त्यांना मित्र म्हणतो ते जुन्या सवयीने. म्हणणे थोडक्यात असे: रानडुकरे आणि नीलगायी शेतकऱ्याला जगू देत नाहीत, तेव्हा त्यांना मारावे लागणारच, मग बंदुकीऐवजी धनुष्यबाणाने मारा. बाण हे न्यायाचे शस्त्र, कारण त्यात जनावरालाही संधी मिळते. अमेरिकेत हरणांसाठी धनुर्धाऱ्यांचा वेगळा हंगाम असतो, विस्कॉन्सिनने तो १९३४ मध्येच सुरू केला, हा पुरावा. आणि या सगळ्यावर कळस म्हणून कुंभकोणम! जिथे खुद्द शंकराने किराताचे रूप घेऊन बाण सोडला, त्या गावाला शिकारीची लाज वाटत नाही, मग तुम्हाआम्हाला का वाटावी?

कुंभकोणमची कथा मित्रवर्यांनी बरोबर सांगितली आहे. प्रलयाच्या पाण्यात वाहत आलेला कुंभ शंकराने बाणाने फोडला, अमृत सांडले, त्यातून महामहमचे तळे झाले. आदिकुंभेश्वराच्या देवळात किरातमूर्तीची स्वतंत्र सन्निधीही आहे. फक्त एक गोष्ट लेखात निसटली. तिथे नेम मडक्यावर होता. मडके दचकत नाही, पळत नाही आणि त्याला आतडी नसतात.

समोर जीव असला की आपल्या परंपरेत बाण भलतीकडेच जातो. दशरथाला घागरीचा आवाज हत्तीचा वाटतो. पंडू हरणाच्या रूपातल्या ऋषीला मारतो. जराव्याधाला श्रीकृष्णाचा पाय हरीण वाटतो. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत शाम जातक रंगवले आहे. तिथेही हरणांच्या शिकारीला निघालेल्या राजाचा विषारी बाण आंधळ्या आईबापांच्या मुलाला लागतो. अपवाद कौटिल्याचा. त्याच्या मते शिकारीपेक्षा जुगार वाईट, कारण शिकारीत व्यायाम होतो, चरबी झडते, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो आणि भ्यालेल्या जनावराचे मन कळते. कालिदासाचा सेनापती दुष्यंतापुढे हेच पाठ म्हणतो. अंग आंबलेल्या विदूषकाला ते पटत नाही. मी विदूषकाच्या बाजूचा.

आता ती 'संधी' पाहू. आधुनिक धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण नव्वद मीटर जातो, म्हणजे तीस मीटरवरच्या हरणाला गाठायला त्याला सेकंदाचा तिसरा भाग लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. हरीण दचकते आणि उडी घेण्यासाठी आधी खाली दबते. फुप्फुसावर धरलेला नेम पाठीत बसतो, नाहीतर ते वळते आणि बाण पोटात शिरतो. बंदुकीची गोळी आघाताने पाडते. बाण कापतो, आणि जनावर रक्त जाऊन मरते. मित्रवर्य जिला संधी म्हणतात ती बऱ्याचदा पोटात बाण घेऊन रान गाठण्याची संधी असते. कौटिल्याच्या भ्यालेल्या जनावराचे मन शिकाऱ्याला कळतही असेल, पण ते कळेपर्यंत बाण सुटलेला असतो.

इथेच लेख संपवून मोकळा झालो असतो. अडचण अशी की ज्यांच्यावर मी हे दात काढतो आहे, त्या अमेरिकन धनुर्धाऱ्यांनीच या चुकलेल्या बाणाचा आपल्या सगळ्या पुराणांपेक्षा जास्त विचार केला आहे. बाण लागला की लगेच धावायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. जिथे लागला ती जागा पाहायची. रक्त फिकट आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून माग काढायचा. गडद असेल तर यकृत, तास मोजत बसायचे. बाणावर हिरवट मळ आणि दुर्गंधी असेल तर पोट. मग आठ, दहा, बारा तासही थांबायचे, कारण हुसकले नाही तर जखमी हरीण जवळच कुठेतरी आडोशाला बसते, आणि हुसकले तर मैलभर पळून अशा ठिकाणी मरते की कोणालाच सापडत नाही. याचा अर्थ नीट पाहा. ते सापडावे असे वाटत असेल, तर रात्रभर त्याला मरू द्यावे लागते. आपण केलेली जखम तिथे आहे हे ठाऊक असताना हात बांधून बसायचे, इतके अवघड व्रत आपल्या एकाही मृगयावर्णनात मला दिसत नाही. अर्जुन आणि किरात एकाच डुकरात घुसलेल्या दोन बाणांवरून भांडतात, पण ते मालकीवरून. डुक्कर पडले नसते तर त्याच्या मागे कोण गेला असता, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

एकटा परीक्षित मागे जातो. सप्ताहात आपण जी कथा ऐकतो ती भागवताची: राजा हरणांच्या मागे फिरून दमला, तहानला, शमीक ऋषींच्या आश्रमात पाणी मागू लागला, उत्तर मिळेना म्हणून त्याने मेलेला साप त्यांच्या गळ्यात टाकला. महाभारताच्या आदिपर्वात मात्र गोष्ट वेगळी आहे. तिथे राजाने हरणाला बाण मारला आहे आणि जखमी हरीण निसटले आहे. साठीचा राजा त्याच्या मागे दाट रानात शिरतो. व्यास त्याला यज्ञमृगामागे धावणाऱ्या रुद्राची उपमा देतात. गोठणावर वासरांच्या तोंडचा फेस पिऊन राहणारा मुनी भेटतो, तेव्हा तहान-भूक असूनही राजा विचारतो ते हरणाबद्दल: मी विद्ध केलेले हरीण हरवले आहे, तुम्ही पाहिलेत का? मुनींचे मौन आहे. पुढे साप, शाप, तक्षक. सापही राजा धनुष्याच्या टोकानेच उचलतो.

याच्या बाणाने विद्ध झालेले हरीण रानात जिवंत सुटले असे कधी घडले नव्हते, असे व्यास सांगतात. हे हरीण हरवले ते राजाच्या स्वर्गवासाचे निमित्त. म्हणजे हरणाचे हरवणेही राजाच्याच खात्यावर जमा. अनुभवी धनुर्धारी परीक्षिताला म्हणेल, महाराज, आपण घाई केलीत, थांबायला हवे होते. तरीही या साऱ्या धनुर्धरांत जखमी हरणाची चौकशी करणारा हा एवढाच. आणि भागवतापर्यंत येता येता आपण ती चौकशीच गाळली, राजाची तहान तेवढी ठेवली. मौनी ऋषीची बाजू घेणे मला पूर्वी सोपे वाटे. आता वाटते, एक बोट दाखवले असते तर काय बिघडले असते?

बोट न दाखवण्यात आपण पटाईत आहोत. २०१६ मध्ये बिहारात मोकाम्याला नीलगायी मारल्या, तेव्हा मनेका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. वाद मारावे की मारू नये यावर रंगला. गोळी लागूनही न मेलेल्या जनावराचे काय, हा प्रश्न त्या धुरळ्यात दिसला नाही. २०१९ मध्ये त्याच राज्यात, वैशाली जिल्ह्यात, गोळी लागलेली जिवंत नीलगाय जेसीबीने खड्ड्यात लोटून पुरल्याची चित्रफीत देशभर फिरली. तिथे बाण नव्हता. बंदूक होती, आणि भाड्याने आणलेला नेमबाज होता. जखमेपाशी थांबणारा माणूस नव्हता.

तेव्हा मित्रवर्यांशी माझे भांडण आता शस्त्राचे उरलेले नाही. जर्मनीत धनुष्याने शिकारीला बंदी आहे आणि गोळीने जखमी झालेल्या जनावराच्या शोधासाठी खास शिकवलेली कुत्री असतात. मला तीच व्यवस्था शहाणपणाची वाटते. पण त्यांना धनुष्यच हवे असेल तर असो. त्यांच्या लेखात परवान्याची फी आहे, हंगाम आहे, धनुष्याला ताण किती हवा तेही आहे. त्यात एक कलम वाढवा: बाण पोटात लागला तर उजाडताच ज्याने तो सोडला त्यानेच माग काढायला हजर व्हायचे, आणि जनावर सापडेपर्यंत त्याला दुसरा बाण मिळणार नाही. मग अर्ज किती येतात ते पुढच्या दिवाळीत मोजू.