नऊ तासांची लादी

फ्रान्सिस अलीस हा मूळचा बेल्जियमचा, शिक्षणाने वास्तुविशारद. १९८६ साली तो मेक्सिकोत गेला आणि तिथलाच झाला. १९९७ साली त्याने मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून बर्फाची भलीमोठी लादी ढकलत नेली. आधी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी. शेवटी एवढासा तुकडा उरला तेव्हा पोरे डबा लाथाडतात तसा, पायाने. नऊ तासांहून अधिक. लादीचे पाणी झाले. उरली पाचेक मिनिटांची फिल्म.

याला कला म्हणावे का, हा प्रश्न मला फारसा छळत नाही. म्हणोत बापडे! टोचतो तो दुसराच. त्याच शहरात हातगाड्या ढकलणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसांची छायाचित्रे अलीस कित्येक वर्षे काढत होता. त्यांचे ढकलणे पोटासाठी, याचे स्वेच्छेचे. वाटेल तेव्हा हा थांबू शकत होता. मग दुसऱ्याच्या कष्टांचे सोंग आणून नाव मिळवणे न्याय्य आहे का?

नुसते सोंग असते तर नाही, असेच मी म्हणेन. पण बर्फवाल्याची लादी निदान कुणाच्या सरबतात तरी जाते. अलीसची कुठेच पोचायची नव्हती. मेहनत पुरी आणि फळ नाही, एवढेच त्याला दाखवायचे होते. आमच्या बेळगावच्या खडेबाजारात दिवसभर गाडी फिरवून माल तसाच घरी नेणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. फिल्म मात्र संग्रहालयात जाते आणि गाडीवाला दाराबाहेरच राहतो. ते मला अजून पटलेले नाही.