दुखण्याला बासरीची साथ

त्या चिरंजीवांनी वडिलांची वही वाचायला नको होती. एवढं एक वाक्य लिहून आजचा स्तंभ संपवता आला असता, पण उरलेली जागा कोरी ठेवायला संपादक तयार नाहीत.

त्या वाचनाची क्लिप तुमच्याकडेही आली असणारच. माझ्याकडे सोसायटीच्या, शाळेच्या आणि नातेवाइकांच्या अशा सगळ्या ग्रुपांवरून आली. वडील खाटेवर, नाकात नळी. चिरंजीव त्याच खाटेच्या कडेवर बसलेले. (आजाऱ्याच्या खाटेवर बूड टेकणाऱ्यांबद्दल मी इथे आधीही लिहिलं आहे, पुढेही लिहीन. भिंतीशी स्टूल असतं.) हातात वडिलांनी दुखण्यात लिहिलेली वही, आवाज भरून आलेला आणि मागे बासरी. दुखण्याला बासरीची साथ हवी, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. कुणी हरिभाऊ हॉस्पिटलात आहेत म्हटलं की यांच्या कानात आधी बासरी वाजते.

बाबांची परवानगी होती म्हणे. नाकात नळी असलेल्या माणसाची परवानगी कशी घेतात ते विचारायला हवं. वहीत वाईट काहीच नव्हतं, असंही ऐकलं. असेल.

पण मला खरी मजा वाटली ती तिसऱ्या सबबीची. लोकांना प्रेरणा मिळते! आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांना फारच मिळाली. त्यांनी ती लगेच पुढे पाठवली. मिळालेल्या प्रेरणेचं माणूस दुसरं काय करणार? ज्यांना पाठवली त्यांनाही मिळाली, मग त्यांनीही पाठवली. जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली, ‘शब्दच नाहीत’ असं म्हणून काहींनी बरेच शब्द लिहिले. रात्री उशिरापर्यंत प्रेरणा अशी गावभर हिंडत होती आणि त्या वडिलांजवळ रात्री थांबायला कुणी आहे का, हे एकानंही विचारलं नाही. बरं, या प्रेरणेला अटी असतात. ‘खिडकीतून सूर्योदय पाहिला, धन्य झालो’ हे चालतं. ‘आज डबा उशिरा आला आणि भात गार होता’ हे चालत नाही. ‘बेडपॅन मागून थकलो, कुणी आलं नाही’ यावर तर बासरी वाजवायलाही कुणी मिळणार नाही. क्लिपमध्ये चिरंजीव एका ठिकाणी दोन पानं एकदम उलटतात, पाहिलंत का? मधल्या पानावर काय असेल? मला तेच वाचायचं आहे. म्हणजे, वाचायचं नाही. पण तुम्ही समजलात. धडधाकट माणसानं अंथरुणावर पडलेल्याकडून उत्साह मागायचा, म्हणजे रक्त द्यायला जायचं आणि रुग्णाचीच बाटली भरून घेऊन यायचं.

आता लिहून बरं वाटतं का? वाटतं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्यानं सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना सटरफटर विषय दिले, काहींना आयुष्यातली सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट. जिव्हारी लागलेलं, त्यामागच्या भावनांसकट लिहिणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं नव्हे, जास्तच वाईट वाटत होतं. १९९९मध्ये जोशुआ स्मिथ या संशोधकानं दमा आणि संधिवाताच्या रुग्णांना तीन दिवस वीस-वीस मिनिटं असंच लिहायला सांगितलं. चार महिन्यांनी तपासलं तेव्हा जिव्हारी लागलेलं लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली, सटरफटर लिहिणाऱ्यांमध्ये पाव जणांच्या. पुढे शंभरावर अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर कळलं, की परिणाम आहे, पण लहान. लहान तर लहान. गोळ्यांचेही काही सगळे मोठे नसतात.

यातली एक बाब प्रेरणावाल्यांनी ध्यानात घ्यावी. ती मुलं मोकळेपणानं लिहू शकली, कारण लिहिलेलं गुप्त राहील, शुद्धलेखन कुणी बघणार नाही, असं त्यांना आधीच सांगितलेलं होतं. हल्ली भेटीदाखल मिळणाऱ्या त्या गुळगुळीत डायऱ्यांत पानावर छापलेलंच असतं, ‘आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?’ ताप एकशे दोन आणि हा प्रश्न! आभार मानायचे की नाहीत, ते तरी त्या माणसावर सोडा.

माझ्या एका मावशीनं केमोच्या दिवसांत डायरी वगैरे ठेवली नाही. ती कालनिर्णयाच्या चौकोनांत लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारी, बोटभर पेन्सिलीनं. ‘अर्धा लि. कमी. तोंड कडू.’ पुढच्या चौकोनात, ‘समोरच्या टाकीवर पतंग अडकलाय.’ मग, ‘पतंग आहे. उलटी नाही.’ मग, ‘शेपूट गेलं. गॅस लावला.’ पाऊस सुरू होईपर्यंत त्या पतंगाचा माग आहे. टाकी तिच्या स्वयंपाकघरासमोर वर्षानुवर्षं होती. तिच्याकडे तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मावशीकडून प्रेरणा घ्यायला कुणी आलं नाही. दूधवाला मात्र हिशेबाला आला आणि गप्प बसला.

आणि मासाओका शिकी. हा जपानी हायकूकार माझा जुना लाडका आहे, कारण तो वृत्तपत्रात स्तंभ लिहायचा आणि तोही पडल्या पडल्या. मणक्याचा क्षय, कूस बदलणंही मुश्कील. ‘निप्पोन’ या दैनिकात ५ मे १९०२पासून त्याचं ‘ब्योशो रोकुशाकु’, म्हणजे सहा फुटांचं आजाराचं अंथरूण, येऊ लागलं. १२७ भाग झाले. प्रकृतीला आराम पडावा म्हणून संपादकानं मध्ये एक दिवस सुट्टी दिली, तर त्यानं कळवलं, की सकाळी उठल्यावर जीव जाईलसं दुखतं, स्तंभ छापलेला पाहिला की थोडा परत येतो. आज तो दिसला नाही आणि मी रडलो. शेवटचा भाग १७ सप्टेंबरला आला, १९ तारखेला शिकी गेला. वय ३४. त्याच उन्हाळ्यात झोपूनच त्यानं फळांची आणि फुलांची चित्रं काढून वह्या भरल्या होत्या.

पण त्याची आणखी एक वही होती, खासगी, १९०१च्या सप्टेंबरात सुरू केलेली. तिच्यात सूर्योदय कमी आणि जेवण जास्त. सकाळी चार वाडगे पेज, दुपारी पुन्हा चार वाडगे पेज, कच्चा मासा, मग कोकोघातलं दूध, वर दहाएक खाऱ्या-गोड बिस्किटांचा फडशा, नाशपाती. आणि खाली नोंद, की हल्ली फार खातो आणि ओकतो. जीव नकोसा झाल्याचंही त्यात आहे. रोज त्याच्या जखमा बांधणारी बहीण रित्सु, तिला तो हट्टी म्हणतो, कोरडी म्हणतो आणि ही नसली तर माझं काय होईल, हेही तिथंच लिहितो.

ही वही त्यानं छापायला दिली नव्हती. तो गेल्यावर इतरांनी छापली. रित्सु १९४१पर्यंत होती, म्हणजे तिच्या हयातीतच. आणि मी त्यातलं हाताला लागलं ते सगळं आवडीनं वाचलं आहे. मग चिरंजीवांना कोणत्या तोंडानं बोलते? माणूस गेल्यावर वाचणं वेगळं आणि त्याच्याच खाटेवर बसून वाचणं वेगळं, असं मी म्हणेन. रित्सुला हे पटलं असतं असं नाही. निदान बासरी तरी नव्हती.

आपल्याकडे पद्मजा फाटकांनी ‘हसरी किडनी’ लिहिलं. दुखणं त्यांचं, लेखणी त्यांची, छापायला देणाऱ्या त्याच. तिथं कुणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात कुणाला भेटायला जाणार असाल, तर शहाळ्याबरोबर एक साधी शंभर पानी वही न्या. औषध कंपनीचं नाव छापलेलं फुकटचं बॉलपेन नेऊ नका; उताणं पडून लिहिलं की ते चार ओळींत बंद पडतं. पेन्सिल न्या, शार्पनर न्या. स्टुलावर बसा. आणि पुढच्या खेपेला गेलात, तर वहीत काय लिहिलं ते विचारू नका.