फॉरमॅट मारायला निघाला होतास?

थांब. माउसवरचा हात काढ आणि माझ्याकडे बघ. "मॅडम, फोल्डर उघडतच नाही, फॉरमॅट मारू का?" हा प्रश्न कॉम्प्युटर शिकणाऱ्या कोपा ट्रेडच्या मुलाने विचारावा? त्या हार्ड डिस्कवर तुझ्या आत्याच्या बचत गटाचे सगळे हिशेब आहेत. कुणी दर महिन्याला किती भरले, कुणी कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता राहिला. घरात कॉम्प्युटर शिकलेला तू एकटा म्हणून त्या बायकांनी तुझ्यावर भरवसा टाकला, आणि तू ते पुसून टाकायला निघालास.

स्क्रीनवर काय लिहून आलं होतं, सांग बरं. येत नाही ना? येणार कसं, वाचलंच नाहीस. खिडकी आली की बंद करायची आणि परत डबल क्लिक. त्या खिडकीत स्पष्ट लिहिलं होतं की हा फोल्डर उघडायची परवानगी तुला सध्या नाही. कंटिन्यू दाबल्यावर तेही जमलं नाही, तेव्हा सिक्युरिटी टॅबमध्ये जा असं त्यानेच सांगितलं. पुढचा रस्ता समोर होता. तो सोडून तू कुठल्या तरी व्हिडिओखालचं क्रॅक केलेलं 'अनलॉकर' उतरवलंस, अँटीव्हायरस बंद केलास, वर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ते चालवलंस. कुणी लिहिलं, आत काय आहे, काही माहीत नाही. हिशेबाची डिस्क तेव्हा जोडलेली होती की नाही? होती. याचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे.

आता नीट ऐक. ही डिस्क एनटीएफएसमध्ये आहे. त्यात प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक मालक असतो आणि कुणाला काय करू द्यायचं याची यादी असते. मालकाच्या जागी नाव लिहिलेलं नसतं, आकडा असतो. एस-१-५-२१ पासून सुरू होणारा तो लांबलचक एसआयडी. तू आत्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलीस तेव्हा नवीन खात्याला नवीन आकडा मिळाला. "पण मॅडम, युजरनेम तर तेच ठेवलं होतं!" ठेवलं असशील. गावात एकाच नावाची दोन माणसं असली म्हणून तलाठी एकाचा सातबारा दुसऱ्याच्या हातात देत नाही. इथे बघ, सिक्युरिटी टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' आणि पुढे तो आकडा दिसतो आहे. हेच तुझ्या आत्याचं जुनं खातं. डिस्क बिघडलेली नाही, फाइल गेलेल्या नाहीत. पेनड्राइव्हवर तुला हे कधी दिसलं नाही, कारण ते बहुधा फॅट किंवा एक्सफॅटमध्ये असतात आणि तिथे मालकाची नोंदच नसते.

म्हणून आधी मालकी, मग परवानगी. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ओनरसमोर चेंज आहे, तिथे आत्ताच्या खात्याचं नाव टाक आणि 'चेक नेम्स' दाब. आतल्या सगळ्या फोल्डरांचा मालक बदलण्याची चौकट खालीच आहे, तिच्यावर टिक कर, नाहीतर फक्त वरचा दरवाजा उघडेल. ओके करून सगळं बंद कर, पुन्हा उघड आणि मग त्याच खात्याला फुल कंट्रोल दे. मालक झालास म्हणजे फाइल वाचायला मिळाली असं नसतं, मालकाला यादी बदलायचा हक्क मिळतो, एवढंच. तुम्ही सगळे इथेच अडकता आणि 'काहीच फरक पडला नाही' म्हणत येता. कमांड प्रॉम्प्टवर हीच दोन कामं 'टेकओन' आणि 'आयकॅकल्स' करतात, वर्गात शिकवली आहेत, वही उघड. आणि कंटाळा आला म्हणून 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्यायचा नाही. सी ड्राइव्हवर तर हा उद्योग अजिबात नको, विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी बदललीस तर तीच नीट चालणार नाही.

पण प्रत्येक कुलूप या जातीचं नसतं, आणि फॉरमॅटची घाई खरी नडते ती इथे. फाइलीच्या चिन्हावर छोटं कुलूप दिसलं, तर ती ईएफएसने एन्क्रिप्ट केलेली असते. मग मालकी घेऊन उपयोग शून्य. तिची किल्ली जुन्या खात्याच्या प्रमाणपत्रात असते, आणि विंडोज पुसताना तू ती पुसलेली असतेस. प्रमाणपत्राची प्रत आधी बाहेर काढून ठेवली नसेल, तर मी काय, कुणीही काही करू शकत नाही. डिस्क जोडताक्षणीच पूर्ण ड्राइव्ह पासवर्ड मागत असेल तर ते बिटलॉकर. त्याला पासवर्ड लागतो, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की, सहा-सहाच्या आठ गटांत लिहिलेली. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा छापून ठेवलेल्या कागदावर शोधायची, अंदाजाने आकडे मारत बसायचं नाही.

आत्याची डिस्क पहिल्या जातीत मोडते, तुझं नशीब. तरी ती कानाजवळ धरून ऐकलीस का? टकटक येत असेल तर काहीही बदलायचं नाही. मालकी बदलताना प्रत्येक फाइलीच्या नोंदीत लिहिलं जातं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर तो भार नको. तेव्हा उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. उबुंटू विंडोजची परवानग्यांची यादी सहसा मानत नाही, त्यामुळे फाइली थेट कॉपी होतात. यातून आणखी एक गोष्ट समजून घे. परवानगीची यादी म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. ज्याच्या हाती डिस्क पडेल तो त्या बायकांचे हिशेब वाचू शकतो. मालकी घ्यायला शिकलास म्हणून दुसऱ्या कुणाची डिस्क उघडताना दिसलास, तर या लॅबमध्ये पाय ठेवू देणार नाही.

आता घरी फोन लाव. विंडोज टाकण्याआधी आत्याच्या कॉम्प्युटरवर आणखी काय होतं, ते तिला विचार आणि लिहून घे. तू चालवलेलं ते अनलॉकर ज्या कॉम्प्युटरवर आहे, त्याला ही डिस्क परत जोडायची नाही, आधी तो स्कॅन होईल. दुसरी रिकामी डिस्क ऑफिसातून मागून आण, सही करून. सगळे हिशेब तिच्यावर उतरले आणि मी चार फाइली उघडून पाहिल्या, की मगच मूळ डिस्कचं पुढे काय करायचं ते बघायचं. जा, पावणेपाचला लॅब बंद होते.