स्वतःचे धन आणि जोडीदाराची निवड

यंदा सौंसरकडील संत्र्याचा तोडा आटोपल्यावर एक परिचित गृहस्थ मजकडे सल्ल्यास आले. कन्या एकुलती एक, शिकलेली; आणि एक बगीचा त्यांनी तिच्या नावे केलेला. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘‘स्थळे पाहताना बगीच्याचे सांगावे की झाकून ठेवावे?’’ सांगावे, तर बगीच्याशी लग्न करू पाहणारे दारी येणार. झाकावे, तर संसाराचा आरंभच लपवाछपवीने होणार.

कायद्यापुरते उत्तर सोपे होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्री आपल्या संपत्तीची सामान्यतः पूर्ण मालक झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत कन्येस पुत्राबरोबरीचा हक्क मिळाला. लग्न जमवताना तो बगीचा वराच्या नावे करून मागणे हा तर १९६१ च्या कायद्यानुसार हुंड्याचा गुन्हा. परंतु धन कोणाचे, एवढेच कायदा सांगतो. धन असणाऱ्याने कोणाशी जन्म जोडावा, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

अशा वेळी मला डॉ. रखमाबाईंचे स्मरण होते. त्यांचे वडील लहानपणीच वारले. मातेने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला तेव्हा पित्याची मिळकत कन्येच्या नावे झाली. अकराव्या वर्षी त्यांचे दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावण्यात आले. त्या नांदावयास मात्र गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ त न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम झाला, की नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा. अखेर १८८८ साली दादाजींना २००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत, राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

या खटल्यात तिचे धन हेच वादाचे मूळ आहे, असे दादाजींनी जाहीरपणे मांडले होते; माहेरच्यांना मिळकत हातची सोडवत नाही, असा त्यांचा आक्षेप. उलट बाजूची शंका वाचकांनी ओळखलीच असेल. कोणाच्या मनात काय होते, याचा निवाडा आज करवत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते : ज्या लग्नात निवड नव्हती, त्यात धनाविषयीचा संशय फेडण्यास काही साधनच उरले नाही. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असे म्हणणाऱ्या रखमाबाईंपाशी मिळकत होती व पाठीशी माणसे होती. ज्या शेकडो मुलींपाशी काहीच नव्हते, त्यांचा नकार कचेरीपर्यंत पोचलाच नाही. तेव्हा धनाचा खरा उपयोग अधिक श्रीमंत स्थळ गाठणे हा नव्हे. कोणाच्याही आश्रयाची गरज नसल्यामुळे केवळ शील पाहून निवड करण्याची मोकळीक, हा तो उपयोग होय.

मग शील पाहावे कसे? ‘तो माझ्यावर लुब्ध आहे की धनावर’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. मनाचा तळ कोणास दिसतो? त्यापेक्षा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक अधिक व्यवहारी आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने स्त्रीधन वापरले, तर परत करण्याचे बंधन त्यावर नाही. एरवी त्यास हात लावावयाचा नाही. सर्वोच्च न्यायालय २०२४ मध्ये आणखी पुढे गेले : अडचणीत वापरले तरी परत करणे हे पतीचे नैतिक कर्तव्यच आहे. दोन्हींतील मर्म एकच. सुखाच्या दिवसांत दुसऱ्याची वस्तू आपल्या हाताशी असूनही जो तीस स्पर्श करीत नाही, त्याच्यासाठी संकटात न मागताही पेटी उघडावीशी वाटते. जोडीदार तसा असावा.

हा दंडक धनवंतासही लागू आहे. ज्याचे धन, त्याचाच शब्द चालेल, असे मानून गरिबाघरची सून वा घरजावई आणणारा मनुष्य जोडीदार शोधीत नाही. तो मिंधा शोधतो. मिंधेपणातून आज्ञाधारकता मिळेल, स्नेह मिळणार नाही. स्वतः धनाने माणूस विकत घेऊ पाहणाऱ्याने दुसऱ्याच्या लोभाविषयी तक्रार करणे शोभत नाही.

म्हणून त्या गृहस्थांस मी म्हटले, ‘‘बगीच्याचे अवश्य सांगा, आणि तो तिच्याच नावे राहील, हेही त्याच बैठकीत सांगा. मग उत्तराची घाई करू नका. महिना दोन महिने येणेजाणे होऊ द्या. बगीच्याचा विषय वरपक्षाकडून किती वेळा निघतो आणि मुलीच्या शिक्षणाचा, आवडीनिवडीचा किती वेळा, एवढे ध्यानात ठेवा.’’

त्यांना ते पटले. उठता उठता मी विचारले, ‘‘कन्येचे स्वतःचे म्हणणे काय आहे?’’ ते घुटमळले. बगीचा तिच्या नावे करताना त्यांनी तिची सही घेतली होती. स्थळाविषयी मात्र अद्याप तिला काही विचारलेच नव्हते.