आमच्यासमोर होत नाही

“आमच्यासमोर तर काही होत नाही, साहेब,” हे गॅरेजवाल्याचे वाक्य, ज्याने कधी काळी जुनी गाडी बाळगली आहे अशा प्रत्येक गृहस्थाच्या कानांवरून गेलेले असते, आणि ते ऐकताना जो संताप येतो त्याची जात निराळी आहे. कोणी आपल्याला खोटे म्हटले तर त्याच्याशी भांडता येते. येथे खोटे कोणीच म्हणत नाही, फक्त आपली फिर्याद पुराव्याअभावी दप्तरी दाखल होते, आणि फिर्यादीने आपली गाडी घेऊन मुकाट्याने घरी जायचे असते.

माझी गाडी दुसऱ्या हाताची, चार सिलिंडरांची आणि पेट्रोलवर चालणारी आहे. पावसाची झड लागलेली असताना पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर, चौथ्या गिअरात, ती मध्येच एखादा ठोका चुकवू लागली. मेकॅनिकांच्या भाषेत ‘मिसिंग मारू’ लागली. त्या क्षणी सबंध गाडीतून एक शिरशिरी जाई, अ‍ॅक्सिलरेटरवरच्या तळपायाला ती आधी कळे आणि कानाला मागाहून. आणि एकदा घाटमाथा ओलांडला की जणू काही घडलेच नव्हते अशा साळसूदपणे ती पुढे धावे. गॅरेजच्या पत्र्याखाली, बॉनेट वर करून, चार माणसांनी चारी बाजूंनी कान देऊन ऐकले, तेव्हा तर तिचा आवाज असा एकसुरी आणि गोड लागला की मलाच माझ्या तक्रारीची लाज वाटावी.

इंजिनाला योग्य प्रमाणात मिसळलेली हवा आणि इंधन लागते, त्या मिश्रणावर पुरेसा दाब लागतो आणि नेमक्या वेळी ठिणगी लागते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याचा विस्तार करीत नाही. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात दर सेकंदाला 100 ठिणग्या पडतात, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे. यांतला एखादा सिलिंडर कायमचाच बंद पडला असेल तर शोध सोपा असतो. मेकॅनिक ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या एकेका कॉइलचे कनेक्शन काढून पाहतो. ज्याचे काढल्याने इंजिनाच्या चालीत काही फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच बंद होता, हे सिद्ध होते. अवघड असतो तो दोष, जो शंभरांतली एखादी ठिणगी, तीही मनास येईल तेव्हा, गिळून टाकतो.

‘मनास येईल तेव्हा’ असे मी लिहिले खरे, परंतु यंत्राला मन नसते, आणि येथेच मला माझा एक आवडता भेद मांडावासा वाटतो. दोष वेगळा आणि दोषाचा प्रसंग वेगळा. ज्याला आपण अधूनमधून येणारा दोष म्हणतो तो वस्तुतः अधूनमधून येत नाही. तो कायमचा तेथेच वस्तीला असतो, ये-जा करतो तो प्रसंग. ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधली सुमारे एक मिलिमीटरची फट उडी मारून ओलांडावी लागते. पण त्या फटीत कोंडलेल्या वायूचा दाब जितका अधिक तितके ते उड्डाण कठीण, आणि त्यासाठी लागणारे व्होल्टही तितकेच अधिक. वायूचा दाब, फटीचे अंतर आणि विजेचे उड्डाण यांचा हा संबंध पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 साली मांडला. इंजिन जागच्या जागी संथ फिरत असते तेव्हा थोडक्यात भागते. तीच गाडी भार घेऊन चढ चढू लागली, सिलिंडर हवेने पुरता भरला, की कॉइलला त्याच्या दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो. मग कॉइल आणि प्लग यांना जोडणाऱ्या रबरी टोपणात एखादी केसाएवढी चीर असेल तर विजेपुढे दोन वाटा उभ्या राहतात: दाबाखालच्या फटीतून उडी मारणे, किंवा त्या चिरेतून निमूटपणे इंजिनाच्या अंगात उतरून जाणे. वीज सोपी वाट धरते. चीर ओली असेल तर ती वाट आणखीच सोपी होते.

आता गॅरेजकडे पाहा. तेथे गाडी उभी असते, म्हणजे भार नाही. पत्र्याखाली असते, म्हणजे पाऊस नाही. बॉनेट उघडे असते, म्हणजे कोंडलेली दमट वाफही नाही. दोष प्रकट व्हायला ज्या ज्या गोष्टी लागतात त्या सर्व काळजीपूर्वक वगळून जी जागा तयार झाली आहे, तिला आपण तपासणीची जागा म्हणतो.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह मला आवरत नाही. आमच्या नैयायिकांनी पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचे उदाहरण इतक्या वेळा उगाळले की विद्यार्थ्यांना त्या पर्वताचाच वीट यावा. परंतु त्याच उदाहरणाची उलटी बाजू मात्र फारशी कोणी आठवीत नाही. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धुराचा मागमूसही नसतो, कारण धूर निघायला अग्नीला ओल्या सरपणाची गाठ पडावी लागते. या ओल्या सरपणाला अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ‘उपाधी’ म्हटले आहे. सतराव्या शतकातल्या त्या पंडिताने मोटार पाहिली असणे शक्य नाही, पण गॅरेजमध्ये उभी असलेली माझी गाडी म्हणजे साक्षात तो लोखंडाचा तप्त गोळा होता: आत अग्नी भरपूर, धूर कोठेच नाही, आणि चार भले लोक भोवती उभे राहून धूर नाही सबब अग्नी नाही असा निवाडा देत आहेत. उपाधीसुद्धा कशी पुरवली गेली होती पाहा. त्यांच्याकडे सरपणाची ओल, आमच्याकडे पावसाची.

माझे एक स्नेही आहेत, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, ज्यांना असल्या चर्चेचा मनस्वी कंटाळा आहे. “अहो, चारही प्लग बदला, चारही कॉइल बदला आणि मोकळे व्हा,” हा त्यांचा हुकूम, आणि तो देताना चहाचा कपसुद्धा ते खाली ठेवीत नाहीत. त्यांच्या या पंथाला अनुयायी फार आहेत, आणि त्यांत गॅरेजवालेही पुष्कळ आहेत, कारण निदानाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, सुट्या भागांचे देते. मी या पंथाचा वैरी आहे, आणि तो केवळ खर्चाकरता नव्हे. समजा, चिरलेले टोपण तसेच राहिले आणि फक्त प्लग नवे घातले. झिजलेल्या प्लगची फट रुंदावलेली होती, नव्याची नेमकी आहे. म्हणून विजेला उडी सोपी झाली, चिरेची वाट तिला धरावी लागली नाही, आणि गाडी सुरळीत चालू लागली. स्नेही म्हणणार, पाहा, प्लगच खराब होते. वास्तविक अपराध्याला कोणी हात लावलेला नाही. त्याला अपराध करण्याची गरज तूर्त उरलेली नाही, एवढेच. पुढे प्लग झिजतील, पाऊस येईल, घाट तर आहेच. बदलल्याने दोष गेला म्हणून जे बदलले तेच दोषी, ही रुजुवात कोणत्याही मामलेदार कचेरीत मान्य झाली नसती, ती आपण गॅरेजात डोळे मिटून मान्य करतो.

एवढे बोलल्यावर त्यांच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. ते स्वतः सांगणार नाहीत, त्यांना चहा प्यायचा असतो. पाळीने येणाऱ्या हिवतापाचा जंतू लाव्हराँने अल्जीरियात 1880 साली रक्तात पाहिला. त्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे युरोपातले वैद्य सिंकोनाची साल देऊन तो ताप उतरवीत होते आणि कारणाविषयी त्यांना काडीचीही माहिती नव्हती. इतकेच नव्हे, सालीने उतरतो तो ताप एका जातीचा आणि न उतरतो तो दुसऱ्या जातीचा, अशी तापांची विभागणी त्यांनी त्या उपचारावरूनच केली. म्हणजे उपचार हाही तपासाचा एक प्रकार होऊ शकतो. ‘आधी कारण, मग उपाय’ हे माझे तत्त्व मला तितके सोवळे ठेवता येत नाही, असे या उदाहरणापुढे मला दिसू लागले. तेव्हा स्नेह्यांच्या मताशी माझे भांडण बदलण्याशी नाही, सर्व एकदम बदलण्याशी आहे. एकच वस्तू बदलली तर तो प्रयोग. आठ बदलल्या तर ती खरेदी.

आणि खरेदीचीही गरज नसते. दुसऱ्या सिलिंडरवरची कॉइल तिसऱ्यावर बसवावी आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर, बाकी काही हलवू नये. मिसिंग जर कॉइलबरोबर तिसऱ्या घरी राहायला गेले तर गुन्हेगार कॉइल किंवा तिचे टोपण, आणि दुसऱ्याच घरी राहिले तर प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह यांच्याकडे वळावे. पण ते कोणत्या घरी आहे हे सांगणार कोण? आपल्याकडे 2010 च्या एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने नव्या मोटारींना जी निदानव्यवस्था सक्तीची झाली तिच्यामुळे इंजिनाचा संगणक ही नोंद ठेवतो. तो ठिणगी पाहत नाही; क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा वेग पाहतो, आणि ज्या सिलिंडरच्या पाळीत तो किंचित मंदावला त्याच्या नावापुढे खूण करतो. दुसऱ्या सिलिंडरसाठी पी-0302, तिसऱ्यासाठी पी-0303, आणि कोणा एकावर बोट ठेवता येत नसेल तर पी-0300. मात्र हा कारकून जुन्या वळणाचा आहे. दोनशे किंवा हजार फेऱ्यांत ठरावीक प्रमाणाबाहेर ठोके चुकल्याशिवाय तो वर अहवाल पाठवीत नाही, आणि खडबडीत रस्त्यावर चाकांचे हादरे क्रँकपर्यंत पोचून हिशेब बिघडतो म्हणून अनेक गाड्यांत तेवढ्यापुरता तो लेखणीच खाली ठेवतो. पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर त्याला वर्षाचे किती महिने रजा मिळत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. त्याने नोंद केलीच तर मात्र ती पंचनाम्यासारखी चोख असते: त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेले, भार किती, सर्व लिहिलेले.

आम्ही कॉइलांची अदलाबदल केली आणि पाऊस थांबला. हा या प्रकरणातला सर्वांत कठीण काळ, कारण गाडी उत्तम चालत होती आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. पुढे ढग भरून आले, गाडी घाटात नेली, आणि पी-0303 उमटला. कॉइल उपसून काढली तेव्हा काळ्या रबरी टोपणाच्या आतल्या बाजूला राखी रंगाची एक रेघ होती, इतकी बारीक की बोटाला लागत नव्हती, तिरक्या उजेडात तेवढी दिसत होती. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर, पांढऱ्या चिनी मातीवर, त्याच उंचीला तशीच एक काळी रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी. मधल्या दोन प्लगांच्या खळग्यांच्या काठाशी गंजाची तांबूस भुकटी साचली होती. वायपरखालच्या पन्हळीचे तोंड पाल्याने तुंबले होते आणि पावसाचे पाणी तेथून इंजिनाच्या माथ्यावर ठिबकत होते.

मग कारण कोणते? चीर म्हणावी, तर कोरड्या दिवसांत तिने काही केले नाही. पाणी म्हणावे, तर शाबूत टोपणांवरही ते पडतच होते. रुंदावलेली फट म्हणावी, तर सपाट रस्त्यावर तीही निरुपद्रवी. घाटाला तर कोणी दोष देणार नाही. चौघे एकत्र जमल्यावाचून गुन्हा घडत नव्हता, आणि चौघांपैकी एकटाच एक धरून आणावा ही माझी मागणी मुळातच अवाजवी ठरत होती. गाडी ज्यांनी विकली ते गृहस्थ सांगत होते की गाडीने कधी त्रास दिला नाही. त्यांची गाडी इमारतीखालच्या आडोशाला उभी राही आणि सपाट रस्त्याने कचेरीत जाऊन परत येई. त्यांचे वाक्य मी तेव्हा व्यापारी मानले होते, ते अक्षरशः खरे असण्याचा संभव मला आता दिसतो. त्यांच्या हातात तो दोष नव्हताच, कारण त्यांच्या आयुष्यात तो प्रसंग नव्हता.

आणि हे मान्य केले की गॅरेजवाल्याचे वाक्यही मान्य करावे लागते. त्याच्यासमोर होत नाही, ही त्याची सबब नव्हे, ती त्याच्या जागेची मर्यादा आहे. प्रसंगाच्या वेळी हजर असतो तो मालक. प्रत्यक्षाला जेथे वाव नाही तेथे शब्दप्रमाण चालते, पण साक्षीदार विश्वासार्ह असला तर. आणि “गाडी मधूनच झटके मारते हो” ही साक्ष कोणत्याही न्यायाधीशाने फेटाळावी अशीच आहे. कोणत्या गिअरात, किती फेऱ्यांवर, चढावर की उतारावर, इंजिन गार असताना की तापल्यावर, पावसात की उन्हात, हे ज्याने लिहून आणले त्याने निम्मे निदान घरूनच करून आणले. मेकॅनिकाने माझ्या दोषाचा शोध लावावा, असे मी समजत होतो. शोध मालकानेच घ्यायचा असतो, मेकॅनिकाने दोष दुरुस्त करायचा, असे आता माझे मत झाले आहे. स्नेह्यांना ते पटलेले नाही.

ज्यांना जुनी गाडी घ्यायचीच आहे त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की त्यांनी ती आषाढात घ्यावी, आणि इसार देण्यापूर्वी विकणाऱ्याला शेजारी बसवून एक घाट चढावा.