लाल मिरची कोणाची?

परसातली लवंगी मिरची पिकू लागली की बुलबुल येतात. हिरव्या मिरचीकडे ते फारसे लक्ष देत नाहीत. ती लाल झाली की मात्र अख्खी गिळतात. रोप आपण लावले, पाणी आपण घातले आणि तोडणीच्या दिवशी झाड रिकामे! साहजिकच आपण म्हणतो, ‘पाखरांनी चोरी केली.’ हा शब्द येथे कितपत न्याय्य आहे, याचा विचार करण्याजोगा आहे.

मालकीची आपली कल्पना श्रमावर उभी आहे. जो राबेल त्याने फळ घ्यावे, हे तत्त्व खोटे नाही. परंतु श्रमाने आपण रोप वाढवले, मिरचीचा तिखटपणा काही आपण घडवला नाही. तो कॅप्सेसिन या द्रव्याचा गुण; बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरात ते साठते. माणूस, उंदीर, माकड यांना त्याचा दाह होतो. पक्ष्यांना तो जाणवत नाही. ॲरिझोनातील रानमिरचीवर ट्यूक्सबरी आणि नाभान या संशोधकांनी केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या पोटातून गेलेले मिरचीचे बी रुजत नाही, पक्ष्याच्या पोटातून गेलेले रुजते, असे त्यांना आढळले. तिखटपणा म्हणजे झाडाने फळाला लावलेले कुलूपच; आणि त्याची किल्ली पाखराच्या कंठात आहे. कुलूप नेमके आपल्यासारख्यांसाठी आहे. ते जिभेच्या हौसेपोटी तोडणारे आपण, आणि चोर मात्र बुलबुल!

याहून नवलाची गोष्ट अशी की, मिरची मुळात या भूमीची नव्हे. ती अमेरिकेतली; पोर्तुगीजांच्या व्यापारातून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. बुलबुल मात्र येथला जुना रहिवासी. त्याच्या पूर्वजांनी हे फळ कधी पाहिलेही नव्हते, तरी त्याला त्याचा दाह झाला नाही. आज मिरचीला परकी कोणी म्हणत नाही. दूरदेशी येऊन पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या आपल्या घराण्यांना हे वेगळे सांगायला नको की, नव्या भूमीत रुजणे केवळ स्वतःच्या बळावर होत नाही; आधीपासून तेथे असलेल्यांनी सामावून घ्यावे लागते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. परसात चार रोपे लावणाऱ्याने उदार होणे सोपे; ज्याचे वर्षाचे पोट आणि डोक्यावरचे कर्ज मिरचीच्या शेतावर अवलंबून आहे, त्याला हे तत्त्वज्ञान कोणत्या तोंडाने सांगावे? त्याला ते सांगू नये. त्याने राखण करावी, बुजगावणे उभारावे, फळ लाल होण्याआधी तोडावे. राखण हा श्रमाचाच भाग आहे. परंतु राखण वेगळी आणि सूड वेगळा. पाखराला हाकलणे ही राखण. पाय अडकून ते तडफडत मरेल असे नायलॉनचे जाळे सैल सोडून देणे, किंवा विष पेरणे, याला राखण म्हणता येत नाही. चोर हा शब्द एकदा उच्चारला की शिक्षा आपोआप न्याय्य वाटू लागते. म्हणून त्या शब्दाशी अधिक सावधपणे वागले पाहिजे.

आपल्या घरांतून वैश्वदेवाचा बली काढला जाई, कावळ्याचा घास बाजूला ठेवला जाई, लहान मुलाला भरवतानाही काऊ-चिऊंचा वाटा निघे. त्याला आपण दान समजत आलो. दानात देणारा उंच असतो आणि घेणारा खाली. मिरचीच्या झाडापुढे उभे राहिले की हा क्रम उलटा होतो. ज्या पाखरांनी रानमिरचीचे बी युगानुयुगे वाहून नेले, त्यांच्यामुळेच ती माणसाच्या हाती लागेपर्यंत टिकली. म्हणून शेवटच्या तोडणीत एका रोपाची लाल मिरची तशीच राहू दिली, तर त्यात पुण्य जोडण्याजोगे काही नाही. ती जुन्या ऋणाची फेड आहे, आणि तीही अपुरीच.